रिसबूड भाऊसाहेबांच्या चार खुर्च्या

रिसबूड भाऊसाहेब स्वतःशी भांडायचे, पण खुर्ची बदलून. एका खुर्चीवर बसून अर्ज करायचे, उठून समोरच्या खुर्चीवर बसायचे आणि तोच अर्ज फेटाळायचे. हे मी ऐकीव सांगत नाही. मी रोज पाहत होते.

पनवेलच्या बाजाराला लागून मजुरांच्या नोंदी ठेवणारं एक सरकारी कार्यालय होतं. त्याच्या खिडकीखाली माझ्या आत्याची मासळीची पाटी असायची. आम्ही मूळचे मोरा बंदराचे. बाबा होडीवर. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून शिकायला आत्याकडे राहिले होते. कॉलेज सुटलं की मी आत्याशेजारी पुस्तक घेऊन बसायची आणि वरच्या खिडकीतून भाऊसाहेबांचा आवाज यायचा. मान वर केली की तेही दिसायचे.

आत चार खुर्च्या आणि दाराशी शिपायाचं एक स्टूल होतं. माणूस मात्र एकच, लिपिक भाऊसाहेब. आवक-जावक सांभाळणारा निवृत्त झाला, निरीक्षकाची बदली झाली, अधीक्षक वारले. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. अलिबागच्या मोठ्या कार्यालयाने प्रत्येक वेळी एक पत्र पाठवून त्या पदाचा कार्यभार भाऊसाहेबांकडे दिला. दुसरा कोणी असता तर आपल्या जागेवर बसूनच सगळीकडे सह्या ठोकल्या असत्या. भाऊसाहेबांना ते पटायचं नाही. कोणी काही विचारलं की म्हणायचे, "ते या खुर्चीत येत नाही. थांबा, त्या खुर्चीत जातो."

खुर्चीबरोबर स्वभावही बदलायचा. आवकच्या खुर्चीत ते गरीब असायचे. निरीक्षक झाले की बाह्या सरसावायच्या. अधीक्षकांच्या खुर्चीत चष्मा नाकाच्या टोकावर यायचा आणि आवाज चढायचा. सरकारी फायलीवर वरिष्ठ "चर्चा करावी" असा शेरा मारतात. खालच्या माणसाने जाऊन बोलायचं, एवढाच त्याचा अर्थ. भाऊसाहेबही अधीक्षक म्हणून तो शेरा मारायचे आणि मग लिपिक म्हणून खरोखर चर्चेला जायचे. मोठ्याने. लिहिलंय म्हणजे झालंच पाहिजे.

आत्या म्हणायची, "बग गो, एकला मानूस हाय, पन भांडान चौघांचा."

एकदा वरून विचारणा आली. तालुक्यात वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर बाहेरच्या राज्यांतून आलेले किती मजूर कामाला आहेत? तेव्हा नव्या पनवेलकडे, खारघरकडे सगळीकडे खोदकाम चाललं होतं. कानडी, तेलुगू, उडिया, काय काय बोलणारी माणसं आत्याकडे स्वस्तातली सुकट घ्यायला यायची. त्या दुपारची चर्चा मला अजून आठवते.

"साहेब, मागच्या वर्षीचाच आकडा लावू?" लिपिक.

"मागच्या वर्षी कुठून आणलात?" अधीक्षक.

"त्याच्या मागच्या वर्षीचा होता, साहेब."

"आणि निरीक्षक काय करत होते? बोलवा त्यांना."

खुर्ची सरकल्याचा आवाज. "निरीक्षकाचं पद रिक्त आहे, साहेब. कार्यभार माझ्याकडेच आहे."

"मग विचुंब्याच्या भट्ट्यांवर मोजायला कोण गेलं?"

"कोणीच नाही, साहेब."

मग अधीक्षक हळूच म्हणाले, "हे बाहेर जाता कामा नये."

बाहेर आत्यापुढे तेव्हा सातआठ गिऱ्हाइकं उभी होती. त्यांत गावातल्या साप्ताहिकाचे संपादक बोंबील निवडत होते. पुढच्या अंकात पहिल्याच पानावर आलं, "कार्यालय एक, माणूस एक, आकडा जुना." आमदारांनी ते अधिवेशनात विचारलं. आणि अलिबागहून भाऊसाहेबांना पत्र आलं, कार्यालयातली गोपनीय माहिती कोणी फोडली त्याचा शोध घ्या, अहवाल द्या.

पत्र आलं अधीक्षकांच्या नावे. अधीक्षकांनी लिपिकाला नोटीस दिली. लिपिकाने खुलासा केला, "मी कोणाशीही बोललेलो नाही." अधीक्षक गरजले, "खुलासा समाधानकारक नाही."

खाली सगळे हसत होते. मीही हसले. पण संध्याकाळी भाऊसाहेब घरी जाताना दिसले तेव्हा हसू आलं नाही. चाळीत त्यांची खोली आमच्या शेजारीच होती. कडी काढायची सोडून ते दाराकडेच बघत उभे होते.

"निलंबित करतील," ते म्हणाले. मला म्हणाले की दाराला, कळलं नाही. "दोन वर्षं राहिली होती. पेन्शन अडकेल."

ते आत गेले, मी उंबऱ्याशीच उभी राहिले.

चौकशीला अलिबागचे साहेब स्वतः आले. आत्याला साक्षीला बोलावलं म्हणून तिच्याबरोबर मीही आत गेले. खिडकीच्या त्या बाजूला मी पहिल्यांदाच जात होते.

"जबाब द्या," साहेब म्हणाले.

"कोणत्या पदाचा?" भाऊसाहेबांनी विचारलं. त्यात आगाऊपणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

साहेब चिडून म्हणाले, "सगळ्यांचा."

मग भाऊसाहेब एकेका खुर्चीत बसून जबाब देत गेले. निरीक्षकांनी आकडा आपल्या काळातला नसल्याचं सांगितलं. अधीक्षकांनी लिपिक कामाला चोख असल्याचा निर्वाळा दिला. लिपिकाने मान खाली घातली. साहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी आत्याकडे वळून विचारलं, "बाई, तुम्ही काय ऐकलंत?"

"सगला," आत्या म्हणाली. "आमी रोज आयकताव. खिरकी उगरीच असते."

साहेबांना धागा सापडला. "गोपनीय चर्चा चालू असताना खिडकी उघडी का ठेवली?"

भाऊसाहेब चारही खुर्च्यांकडे पाहत राहिले. मग अदबीने म्हणाले, "खिडकी बंद करणं हे शिपायाचं काम आहे, साहेब. ते पद रिक्त आहे. आणि त्याचा कार्यभार माझ्याकडे दिल्याचं पत्र आपल्याकडून आलेलं नाही."

साहेबांनी त्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. मग स्वतः उठले आणि त्यांनी खिडकी लावली.

आत्या हात जोडून म्हणाली, "सायेब, यानला कामावरना काराल तं हापिसाला कुलूप लागंल. मंग त्या कुलपाचा बी कुनीतरी इचारंल नाय?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "माहिती कोणी फोडली नाही," ते म्हणाले. "ती खिडकीतून गेली. तसं लिहितो. पदं का भरली नाहीत त्याचं उत्तर आता मलाच द्यावं लागणार आहे." जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "रिसबूड, तुम्ही जेवता कधी?"

पावसाळ्याआधी नवे अधीक्षक आले, निरीक्षक आला, आवकला एक बाई आल्या, शिपाई आला. शिपायाने पहिल्या दिवशी खिडकी लावून घेतली. नवा निरीक्षक भट्ट्या फिरून आला आणि खरा आकडा वर गेला. भाऊसाहेब आपल्या एकाच खुर्चीत बसायला लागले. आम्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. फक्त आत्या म्हणायची, बाजार मुका झाल्यासारखा वाटतो.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की घरी भाऊसाहेब कधीच बोलत नसत. भिंतीला भिंत असून त्यांच्या खोलीतून कधी आवाज आला नव्हता.

एका संध्याकाळी पहिल्या वर्षाचा निकाल सांगायला मी त्यांच्या दारात गेले. मी पास झाले होते. खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर ते, दुसरीवर घडी घातलेली बायकांची शाल. नेहमीप्रमाणे मी उंबऱ्याशी उभी राहिले. मनात होतं ते विचारून टाकलं, "भाऊसाहेब, घरी तुम्ही खुर्ची नाही बदलत?"

विचारलं आणि वाटलं, चुकलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "करून पाहिलं, ही गेल्यावर. तिच्या खुर्चीत बसलो. पण ती काय म्हणाली असती ते सुचेना. अधीक्षक काय बोलणार ते ठाऊक असतं. ही कायम वेगळंच बोलायची."

मग ते उठले, शाल उचलून खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "बस. उभी किती राहशील?"

मी बसले. त्यांनी मार्क विचारले. मराठीला कमी का, म्हणाले. मी म्हटलं, पेपर अवघड होता. ते म्हणाले, खुलासा समाधानकारक नाही. मी जरा धीर करून म्हटलं, मग तुम्हीच सोडवून दाखवा. ते जोरात हसले आणि वाद सुरू झाला.

भिंतीपलीकडून आत्याची हाक आली, "भावसायेब, परत चालू झाला का तुमचा?"

"नाही हो," भाऊसाहेब ओरडून म्हणाले, "आज खरंच दोघं आहोत."