लहानूकाकांच्या गाडीचा हँडब्रेक

लहानूकाका गाडीचं मागचं दार लावण्याआधी थोडं वाकतात आणि हळूच म्हणतात, "बाई, पदर आत घ्या." मग क्षणभर थांबतात. पदर आत गेल्याची खात्री पटली की दार अलगद लावतात. यात वावगं काहीच नाही. फक्त मागच्या सीटवर कोणी नसतं.

सौंसरला बदली होऊन मी त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी हे पाहिलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे न दिसणाऱ्या गोष्टींशी माझं जरा वाकडंच असतं. ओळख काढायची म्हणून मी विचारलं, "काकू निघाल्या वाटतं कुठे?"

"तुमची काकू वारून लय वर्षं झाली, सर," काका शांतपणे म्हणाले. "आन् मी कोण्या एका बाईले म्हणून नाही राहिलो. सगळ्यायलेच म्हणतो."

नावाने लहानू असला तरी हा माणूस सहा फुटांच्या वर आहे. गाडी चालवताना गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर येतात. गाडी काळी, गोल पाठीची, कंपनीचं नाव बोनेटवरून केव्हाच गळून पडलेली. कोणी विचारलं तर काका फक्त "विलायती" एवढंच सांगतात. ते पेशाने मेकॅनिक, पण लग्नसराईत सौंसर, लोधीखेडा, बोरगाव या पट्ट्यातल्या कितीतरी नवऱ्या मुली याच गाडीतून सासरी गेल्या. आता लोकांना पांढऱ्या लांबलचक गाड्या लागतात. काकांच्या गाडीला कित्येक वर्षांत लग्न मिळालेलं नाही, पण त्यांच्या हिशेबी ती अजून भरलेलीच आहे.

"पोरगी सासरी जाते, सर, पण सगळीच्या सगळी जात नाही," ते सांगतात. "थोडीशी सीटवर राहून जाते." पेट्रोलची टाकी जरा गळते, हे ज्या सुरात सांगावं त्याच सुरात.

म्हणून गाडीतला आरसा त्यांनी छताकडे वळवून ठेवलाय. बायाबापड्या बसलेल्या असताना आरशातून चोरून पाहू नये, म्हणे. म्हणून ते हॉर्न वाजवत नाहीत आणि गाडी अशी चालवतात की शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला पायी निघालेले भाविक आम्हाला मागे टाकून जातात. मी पुढे बसतो, मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन. एकदा पिशवी मागे ठेवली होती. काकांनी गाडी थांबवली, पिशवी उचलून माझ्या मांडीवर दिली आणि मागे वळून म्हणाले, "नवीन आहेत ते. माफ करा."

हसलो मी, नाही असं नाही. पण परतताना मागून हळदीचा वास येत होता. ताज्या, ओल्या हळदीचा. रस्त्याकडेच्या कोणाच्या तरी घरचा असेल, असं म्हणून मी काच वर केली. त्यानं वास वाढला.

खरी गोष्ट हँडब्रेकची. तो दांडा ओढला की वर यायचा आणि हात काढला की पेंगणाऱ्या म्हाताऱ्याच्या मानेसारखा खाली पडायचा. गाडी अंगणात उभी असे आणि दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान हातभर फाटकाकडे सरकलेली असे. रोज. संध्याकाळी काका ती ढकलून पुन्हा जागेवर आणत.

मला वाटलं, उतार असणार. मी बादलीभर पाणी अंगणात ओतलं. पाणी फाटकाकडून घराकडे वाहत आलं. म्हणजे गाडी चढ चढत होती! विज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा याहून मोठा अपमान नाही. मी मागच्या चाकाला लागून खडूची रेघ मारली आणि माझ्या ओसरीत वह्या तपासायला बसलो. मे महिना होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, पंख्याला वीज नव्हती, पानही हलत नव्हतं. काका आत घोरत होते, ते मला ऐकू येत होतं. एका वहीवर सही करायला मान खाली घातली आणि वर पाहिलं, तर रेघ चाकापासून हातभर मागे राहिली होती. आवाज काहीही झाला नव्हता. तो प्रकार काय होता ते मला आजही सांगता येणार नाही.

काकांना उठवून सांगितलं. ते जांभई देत म्हणाले, "कुंदा असंन. तिले दुपारची घाई असते पांढुर्ण्याले जायाची."

कुंदा ही त्यांची एकुलती एक लेक. पांढुर्ण्याला दिली होती. पाच वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. मागे नवरा, एक मुलगा आणि प्राची नावाची मुलगी. गाडी सरकायला लागली ती त्याच वर्षापासून.

"मग ब्रेक का नाही दुरुस्त करत? तुम्ही तर गावभराचे करता."

"तिनं मंग कसं जावं, सर?" काकांनी मलाच विचारलं.

आणि त्याच महिन्यात प्राचीचं लग्न ठरलं. पोरीनं फोन करून सांगितलं, "आजोबा, मी तुमच्याच गाडीतून जाणार आणि गाडी तुम्हीच चालवायची." जावयाने, म्हणजे प्राचीच्या वडिलांनी, एकच अट घातली. मागच्या भेटीत ही गाडी आपल्या आपण सरकत येऊन त्यांच्या मोटरसायकलला टेकली होती, तेव्हा आधी हँडब्रेक पक्का करा, नाहीतर दुसरी गाडी सांगतो. अट चुकीची नव्हती. नात बसणार त्या गाडीचा ब्रेक धड नको का? पण ब्रेक पक्का करायचा म्हणजे कुंदाची वाट अडवायची. दोन दिवस काकांनी पाना हातात घेतला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे. "सर, टॉर्च धराले येता का?"

जॅक लावण्याआधी त्यांनी मागचं दार उघडलं. "बाई, जरा उतरा. गाडी उचलून राहिलो." मग दार धरून उभे राहिले, राहिले, राहिले. मला वैताग आला. "काका, ऊन वाढतंय."

"गर्दी आहे, सर. उतरू तर द्या."

आणि खोटं कशाला सांगू, त्या वेळी मी स्वतः दोन पावलं मागे सरकलो. वाट द्यायला.

कामात मात्र माणूस लख्ख शुद्धीवर. दांड्याच्या बुडाशी दात्यांची पट्टी असते आणि तिच्यात अडकणारा एक खटका. दाते झिजून गुळगुळीत झाले होते. काकांनी वेल्डिंगवाल्याकडून त्यांवर धातू चढवून आणला आणि दिवसभर कानशीने एकेक दाता घासून काढला. वायर ताणून ताणून लांबलेली होती. तसली आता मिळत नाही, म्हणून एका जुन्या जीपची वायर कापून बसवली. मागच्या चाकांचे ड्रम उघडले, आतलं ग्रीस पेट्रोलने धुतलं, ब्रेक शूला नवे लायनर लावले. मग चाक हाताने फिरवत, कान लावून, नट थोडा थोडा आवळत गेले. "चौथ्या खटक्यात पकडला पायजे. तिसऱ्यात धरला तं आखडू, पाचव्यात धरला तं आळशी."

चौथ्यात धरला. आम्ही गाडी रेल्वे फाटकाजवळच्या चढावर उभी करून पाहिली. दगडासारखी थांबली. मी टाळी वाजवली. काकांनी नाही वाजवली.

दुसऱ्या दुपारी रेघ चाकाला चिकटलेलीच राहिली. तिसऱ्या दुपारीही. काका गाडीजवळ खुर्ची टाकून, ताट मांडीवर घेऊन बसले होते. भाकरी तशीच. "थांबली," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. एक गाडी जागेवर उभी आहे, याचं विज्ञानाच्या मास्तरला वाईट वाटू नये, पण वाटलं.

लग्नाच्या दिवशी आम्ही पांढुर्ण्याला गेलो. काकांनी निघताना मागचं दार उघडलं, आत पाहिलं आणि काही न बोलता लावलं. मला मागे वळून पाहावंसं वाटत होतं, पण मी पाहिलं नाही. आरसा छताकडेच होता.

लग्न छान झालं. उन्हं कलल्यावर बिदाई, म्हणजे नवरीची पाठवणी, निघाली. आमच्या भागात नवरीचे भाऊ गाडीला मागून धक्का देतात. त्यांच्या हातानं गाडी चार पावलं सरकते, मग ड्रायव्हर इंजिन सुरू करतो. प्राची मैत्रिणीला घेऊन मागे बसली, काका स्टिअरिंगवर. भावाने आणि तीन चुलत भावांनी डिकीला हात लावले. "चला!"

गाडी हलली नाही.

पुन्हा जोर केला. चार दांडगी पोरं, आणि चाकं जमिनीत रोवल्यासारखी. बँडवाले थांबले. मग कोणीतरी म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कुंदी जाऊ नाही देऊन राहिली, बाप्पा. मायचा जीव अडकला पोरीत."

पोरांनी चटका बसल्यासारखे हात काढले. मंडपातली माणसं मागे सरली. नवरदेवाकडचे लोक एकमेकांकडे पाहायला लागले. भर उजेडात एवढ्या गर्दीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पुन्हा ओल्या हळदीचा वास आला, आणि तो तर लग्नघरी येणारच, हे मला स्वतःला दोनदा समजवावं लागलं.

काका उतरले. "ब्रेक जाम झाला," एवढं बोलून सतरंजी पसरून गाडीखाली गेले. बराच वेळ झाला. खालून कसलाच आवाज येईना. शेवटी मीच सरपटत आत शिरलो.

काका पाठीवर पडून होते. हात छातीवर, डोळे उघडे. मी टॉर्च लावला. वायर, नट, सगळं जागच्या जागी.

"काय झालं?"

"काही नाही. मीच ओढून ठेवला."

"मग सोडा ना, काका. वर लोक भलतंच बोलताहेत."

"सोडतो ना. थोडं थांबा." त्यांनी बोट वर केलं. गाडीचा पत्रा पातळ, वर सीटवर मुली बोलत होत्या ते स्पष्ट येत होतं. "आवाज आयका. तोच आहे, कुंदाचा. तिच्या बिदाईले मी असाच गाडीखाली पडून होतो, पाऊण तास. ब्रेक जाम झाला म्हणलं सगळ्यायले. काही झालं नव्हतं, सर. ती वर बोलून राहिली होती, मले खाली आयकू येत होतं. एवढंच. हे कोणाले नाही सांगितलं आजवर. तिलेबी नाही."

मी सरपटत बाहेर आलो, तर प्राचीने काच खाली केली. डोळे रडून सुजलेले.

"सर, आजोबांना म्हणा, घाई नका करू. आईच्या वेळी पाऊण तास लागला होता."

"तुला कोणी सांगितलं?"

"आईनंच. तिला समजलं होतं, ब्रेक चांगला आहे म्हणून. ती म्हणायची, मी मुद्दाम जोरानं बोलत बसली, बाबाले खाली आयकू जावं म्हणून."

मी पुन्हा गाडीखाली गेलो आणि हे जसंच्या तसं काकांना सांगितलं. ते वर पत्र्याकडे पाहत राहिले. डोळ्यातलं पाणी कानाकडे ओघळत गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग हात पुढे करून म्हणाले, "पाना द्या, सर."

कोणता पाना, ते मी विचारलं नाही. हाताला लागला तो दिला. बाहेरून नवरदेवाचा मामा ओरडून विचारत होता, अजून किती वेळ लागेल?

"काम मोठं आहे," मी खालूनच ओरडलो. "पाऊण तास तरी लागेल."

वर सीटवर प्राची मोठमोठ्यानं बोलायला लागली.