मुंगीसाठी थांबणारा जिना

"मुंगी! साधी मुंगी अडकली ना, तरी हा जिना जागच्या जागी थांबतो!"

हे वाक्य अभिमन नानांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं, की जळगावातल्या मुंग्यांनाही ते पाठ झालं असावं. रूपचंदशेठच्या पाच मजली कापड दुकानात सरकता जिना बसला आणि त्या जिन्याचे सर्वेसर्वा म्हणून नाना नेमले गेले. त्याआधी त्यांची उभी हयात धुळ्यात विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेली होती. कंपनीचा माणूस आला, जिना कसा चालतो ते शिकवून गेला, चावी देऊन गेला. ती चावी नानांनी लाल दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि तेव्हापासून त्यांची मान काही खाली येईना!

गिऱ्हाईक साड्या बघायला आलेलं असायचं, पण आधी नानांचं व्याख्यान. "ह्या पायऱ्या वर जमिनीत शिरतात ना, तिथे हा पिवळा लोखंडी कंगवा. ह्याच्या दातात काही अडकलं की कंगवा उचलला जातो, खालचा स्विच पडतो, जिना बंद! हा कडेचा ब्रश. साडीचा काठ फटीत जाऊ नये म्हणून. आणि हे लाल बटण. वरही एक, खालीही एक. कुणी बोंब मारली की दाबायचं. एवढा बंदोबस्त कलेक्टरच्या बंगल्यालाही नसेल!"

तर अशा ह्या नानांच्या मुलीचं, दिपमालाचं, लग्न ठरत आलं होतं. ठरलं होतं असं म्हणत नाही, ठरत आलं होतं. मुलगा नवल, धरणगावकडचा, शिकलेला, दिसायला बरा, बोलायला मात्र अगदी कंजूष. दिपमालाला तो मनापासून आवडला होता. याआधीच्या स्थळांना तिनं नुसत्या भुवया दाखवल्या होत्या. नवलचे वडील धनसिंगभाऊ राजी होते, भाऊकी राजी होती. अडलं होतं ते झुंबरबाईंपाशी. ही नवलची आत्या, म्हणजे खान्देशी बोलीत फुई. आई नसलेल्या नवलला तिनंच लहानाचा मोठा केला. साखरपुड्यात तिनं पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही! "बस्ताना दिनले सांगसू," एवढंच म्हणाली.

म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची माणसं जमतील त्या दिवशी फुई निकाल देणार. नानांच्या बायकोनं, पुनमनं, त्याच रात्री हात जोडले. "अहो, बस्ता कुठल्याही साध्या दुकानात करू. जिथे जिने हलत नाहीत अशा!"

"वेडी आहेस का? फुईनं नुसता जिना बघू दे. पोरीचा बाप काय चीज आहे ते कळेल तिला!"

कळलं. चांगलंच कळलं!

बस्त्याच्या दिवशी नवलकडची मंडळी आयशर भरून आली. बायका, पुरुष, म्हातारे, सगळी भाऊकी. नवल मात्र लाजून घरीच राहिला होता. जिन्यासमोर येऊन सगळी वरात थबकली. झुंबरफुईनं कमरेवर हात ठेवून जिन्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हाऊ जिना लुगडं खास म्हने?"

"छे छे फुई! लुगडं खातो असं कुणी सांगितलं?"

"सुरतमा मनी जेठानीना पदर असाच जिनाना पोटमा ग्या. अख्खं लुगडं गिळी टाकं!"

"मंग ती घर कशी उनी?" धनसिंगभाऊंनी घाबरून विचारलं.

"दुकाननी चादर गुंडाळीसन!"

बायकांनी पटापट पदर खोचले. नाना हसले. हीच तर संधी! "फुई, तुम्ही बिनधास्त चढा. साधी मुंगी अडकली तरी हा जिना..."

"मी मुंगी शे का?" फुईनं विचारलं. "पहिले पूजा करा. नवी वस्तू शे, सून पहिलींदाव चढी राहिनी."

आता सुनेचं नाव काढलं म्हटल्यावर नाना पाघळलेच. फुई तिला सून म्हणाली! कंपनीच्या माणसानं काय काय सांगितलं होतं ते सगळं विसरून त्यांनी मान डोलावली. खालच्या लोखंडी पत्र्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक निघालं. नारळ फुटला. वरच्या आणि खालच्या लाल बटणांना झेंडूचे हार घातले गेले, कारण सबंध जिन्यात देवासारखं दिसणारं तेवढंच होतं! आणि स्वस्तिकावर चपला घालून पाय कोण देणार? सगळ्यांनी चपला खाली काढल्या. नाना जिना चालू करताच दिपमाला चार बायकांबरोबर चढली आणि खालून मुठी मुठी अक्षता उधळल्या गेल्या.

अक्षता पायऱ्यांवर बसून वर गेल्या. कंगव्यापाशी पोचल्या. खट!

जिना थांबला. बायका वाऱ्यानं कललेल्या कणसांसारख्या एकमेकींवर कलल्या.

"बघितलंत?" नाना आनंदानं ओरडले. "अडकलं की थांबला! आहे की नाही कमाल!"

"काय अडकनं?" फुईनं विचारलं.

"तांदूळ."

"मूठभर?"

"छे! दोन-चार दाणे असतील."

फुईनं थांबलेल्या जिन्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "चार दानासले थांबस, तं मानूसले कसा नेई?"

नानांच्या चेहऱ्यावरची कमाल जरा उतरली. त्यांनी वर जाऊन, दिपमालाच्या केसातली पिन घेऊन कंगव्याचे दात कोरले, चावी फिरवली, जिना सुरू केला. पाचेक माणसं वर गेली नाहीत तोच पुन्हा खट! नारळाची शेंडी! ती ओढून काढली. पुन्हा चावी. पुन्हा चार पायऱ्या. पुन्हा खट! आता कंगव्यात काहीच नव्हतं. नाना धावत खाली आले, तर जिन्याच्या मध्यावर धनसिंगभाऊ कडेच्या ब्रशात बूट खुपसून, कमरेत वाकून, मन लावून घासत उभे! साऱ्या भाऊकीत पायात काही ठेवलेला हा एकटाच माणूस, कारण बूट नवे होते. त्यांच्या रेट्यानं कडेचा पत्रा दबला आणि तिथलाही स्विच पडला.

"व्याही, ते बूट पुसायला नाही हो!"

"मंग ब्रश कसाले लायेल शे?"

तेवढ्यात वर पोचलेल्यांच्या ध्यानात आलं की आपल्या चपला खाली आहेत. झालं! जिना सुरू होताच मंडळी वर जाणाऱ्या पायऱ्यांवरून खाली धावू लागली. धावत होती, घामाघूम होत होती आणि होती तिथेच होती! खालच्यांना वाटलं, वर आग लागली. ते ओरडले. कुणीतरी झेंडूच्या हारात हात घालून लाल बटण दाबलं. जिना थांबला आणि धावणारी सगळी माणसं धडाधड खाली येऊन चपलांच्या ढिगावर बसली.

"नाना!" गल्ल्यावरून रूपचंदशेठ कडाडले. "जिना चालवताय की सर्कस?"

आणि ह्या सगळ्यात झुंबरफुई? ती खालच्या सोफ्यावर बसली होती. तिनं जिन्याला पाय लावला नव्हता. आता ती उठली आणि पिशवी काखोटीला मारली. "धनसिंग, चाल घर. बस्ता राहू दे."

नानांचं पाणी पाणी झालं. वर कठड्यापाशी दिपमाला उभी होती. तिचे डोळे भरलेले नानांना इतक्या खालूनही दिसले. संपलं! पोरीचं सगळं मी माझ्या तोंडानं संपवलं! मुंगी मुंगी करत बसलो आणि पोरीचा संसार अडकवला!

"फुई, एकच मिनिट!" ते काकुळतीला आले. "एक मिनिट द्या, आता थांबला तर माझं नाव बदला!"

ते धावत वर गेले. आणि तिथे त्यांनी जे केलं, ते शिकून आलेल्या माणसानं केलं नसतं. ते खान्देशातल्या मोटार मेकॅनिकनं केलं. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर सारखा पडायला लागला, की आपल्याकडे कारण कोण शोधतो? बटणात काडी खुपसायची, तारेला तार जोडायची आणि पाणी सुरू करायचं! सगळ्या जिल्ह्याची शेती अशीच भिजते. नानांनी कंगव्याशेजारचं झाकण उघडलं, स्विचच्या दोन तारा एकमेकींना पिळल्या आणि झाकण लावून टाकलं. ह्या स्विचला हात लावायचा नाही, हे कंपनीच्या माणसानं दोनदा बजावलं होतं. पण कंपनीच्या माणसाला लग्नाची मुलगी नव्हती!

जिना सुरू झाला. अक्षता आल्या आणि गेल्या. शेंडीचा उरलेला तुकडा आला आणि गेला. थांबायचं नाव नाही! भाऊकी झरझर वर गेली. धनसिंगभाऊ तर इतके खूश झाले, की त्यांनी तिथेच नानांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि गळ्याभोवती नवा कोरा टॉवेल गुंडाळला. व्याह्याचा मान! फुईनंही मग पिशवी खाली ठेवली.

"तुमी संगे चला," ती खालून नानांना म्हणाली.

नाना भिंतीकडच्या साध्या जिन्यानं खाली येताच तिनं त्यांचा दंड पकडला. शेतात काम करून घट्ट झालेली ती पकड, नानांच्या हाताला मुंग्या आल्या. दोघं पायरीवर उभे राहिले. जिना लोण्यासारखा चालला होता. फुईच्या तोंडावर पहिल्यांदाच काहीतरी हसल्यासारखं दिसलं.

आणि अर्ध्या वाटेत नानांच्या डोक्यात उजेड पडला. कंगव्याचा स्विच तर आपणच मारून टाकलाय! आता हिचा पदर अडकला तर? जिना थांबणार नाही! सुरतेला निदान लुगडंच गेलं होतं!

ते मटकन खाली वाकले आणि दोन्ही हातांनी फुईचा पदर गोळा करू लागले.

"काय करस भाऊ! पदर सोड!"

"पाय उचला फुई! उचला! उडी मारा!"

आयुष्यभर शेतातले बांध ओलांडलेली ती बाई एका ढांगेत पलीकडे गेली. पदर सुखरूप, लुगडं सुखरूप. नानांच्या जिवात जीव आला. पण नाना अजून वाकलेलेच होते, आणि त्यांच्या मानाच्या टॉवेलचं टोक पायरीवर लोळत होतं. ते कंगव्याच्या दातात शिरलं.

टॉवेल गळ्याभोवती ताणला गेला. नाना गुडघ्यांवर आले. मग कोपरांवर.

"हाई पहा!" धनसिंगभाऊ सगळ्यांना कौतुकानं सांगत होते. "अडकनं ना? आते थांबस, पहा!"

सगळी भाऊकी हात बांधून, अगदी विश्वासानं, जिना थांबायची वाट बघत उभी राहिली. नानांनीच तर पढवलं होतं त्यांना! जिना टॉवेल खात होता आणि मंडळी माना डोलवत होती.

"बटण!" नानांच्या गळ्यातून उंदरासारखा आवाज आला. "लाल बटण!"

लाल कुठे काय दिसत होतं? नुसता झेंडू! दिपमाला किंचाळली. पण फुई पुढे झाली, तिनं हार हिसडून तोडला आणि बटणावर मूठ हाणली. जिना थांबला. तेव्हा नानांचा गाल पिवळ्या कंगव्यापासून वीतभरही लांब नव्हता.

धावत वर आलेल्या शेठनं कापड कापायच्या कात्रीनं टॉवेल कापला. नाना तसेच खाली बसून राहिले. डोक्यावरची टोपी कानावर आलेली, मान डावीकडे वळलेली, ती वळलेलीच.

"थांबला कसा नाही पण?" शेठनं विचारलं.

खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. "स्विचच्या तारा जोडल्या होत्या मी. फुई घरी निघाल्या होत्या म्हणून."

शेठनं वाकून त्यांच्या गळ्यातला लाल दोरा काढला आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली. पुनम साड्यांच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. दिपमालानं तोंड फिरवलं. नानांना वाटलं, त्यापेक्षा जिन्यानं पुरतंच गिळलं असतं तर बरं होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मान वाकडी असल्यामुळे ते सगळं एकाच गालावरून वाहिलं.

झुंबरफुई त्यांच्याशेजारी खाली बसली.

"भाऊ, खरं सांगू? साखरपुडामा मना घास उतरना नही. पोर गुणनी शे, पन बाप इतला हुशार! येस तं मशीनवर बोलस, जास तं मशीनवर बोलस. आमना नवल दोन शब्द बोलाले घाबरस. तुमना शेजारे बसाले आमले लाज वाटे."

"आणि आता?" नानांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"आते नही वाटस. तुमी बी आमना सारखाच येडा शेतस!" फुई उठली आणि तिनं हात झटकले. "लगीन पक्कं. पोरी, चाल, शालू पाहू!"

एकच कल्ला झाला. दिपमाला फुईच्या पाया पडली. नानांना मान हलवून होकार द्यायचा होता, पण मान जागची हलेना. धनसिंगभाऊंना त्यांचा चेहरा काही वाचता येईना.

"व्याहीसना होकार शे ना?"

"आहे हो, आहे!" पुनम म्हणाली. "मान सरळ झाली की देतील."

मग जिना बंद ठेवून सगळे भिंतीकडच्या साध्या जिन्यानं आणखी एक मजला वर, शालूंकडे गेले. बस्ता झोकात झाला. दिपमालाला फुईनं आपल्या पसंतीचा शालू घेतला. नानांना सन्मानानं मधोमध खुर्ची दिली होती. शालूचे ढीग सगळे उजवीकडे उलगडत होते, बायका "अगं बाई!" म्हणत होत्या, आणि नानांची मान डावीकडे. पोरीच्या लग्नाच्या शालूचा रंग त्यांना थेट मांडवातच कळला. बस्ता संपेपर्यंत ते पुरुषांचे बनियन बघत बसले होते.