दर दहा मिनिटांनी दुखणारी दाढ

सकाळी सात वाजता प्रेमलता परसदारी दात घासत असताना तिला पहिली कळ आली. तोंडात मंजनाचा फेस, एक हात गालाशी, आणि तशातच तिने "आई गं" म्हणून जी हाक मारली ती कुंपणापलीकडे धोंडूबाईंना स्वच्छ ऐकू गेली. आचोळे गावातलं बहुतेक सगळं धोंडूबाईंना स्वच्छ ऐकू जात असे.

"काय गो बाय, काय झालं?" त्यांनी कुंपणावरून मान वर काढली.

प्रेमलता फेस थुंकून उत्तर देणार, तेवढ्यात तिची आई नर्मदाबाई चुलीपुढून उठून धावत आल्या. "काय नाय, दाढ दुखते तिची," असं सांगून त्यांनी लेकीला दंडाला धरून घरात ओढलं आणि दाराला कडी घातली.

"कळ आली ना?"

"हो."

"कमरेतून?"

"कमरेतून आणि पोटातून. आई, बाबांना बोलव, टांगा..."

"कुनाला सांगायचं नाय," नर्मदाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "तुला ठाव, मला ठाव. तिसऱ्या मानसाला समजलं नाय पायजे."

ह्यामागे नर्मदाबाईंचं एक शास्त्र होतं. बाईला कळा सुरू झाल्याचं जितक्या माणसांना समजेल, तितके तास बाळंतपण लांबतं. हे त्यांनी कुणाकडून ऐकलेलं नव्हतं, स्वतः सोसलेलं होतं. प्रेमलताच्या वेळी त्यांच्या सासऱ्यांनी आनंदाच्या भरात खळ्यावर जाऊन बावन्न माणसांना बातमी दिली, आणि नर्मदाबाई दोन दिवस आणि चार तास अडून राहिल्या. हिशेब तंतोतंत जुळत होता. त्या दोन दिवसांत त्यांनी दोनदा घरच्यांचा निरोप घेतला होता. त्याला तेवीस वर्षं होऊन गेली तरी खळ्यावर माणसं जमलेली दिसली की त्या अजून वाट बदलून जायच्या. लेकीच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही, हे त्यांनी तिला दिवस राहिले तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

"बाबांना तरी सांगूया," प्रेमलता म्हणाली.

"त्यांना तर नायच नाय. ते सोसायटीत पेपर वाचायला जातात."

प्रेमलता अकरावी पास होती आणि तिचा ह्या शास्त्रावर काडीचाही विश्वास नव्हता. पण ती बाळंतपणाला माहेरी आलेली पहिलटकरीण होती, आणि कळ आली की अकरावी पास झाल्याचा फारसा उपयोग होत नाही हे तिला दुसऱ्या कळेला समजलं. विरारच्या प्रसूतिगृहात सातव्या महिन्यापासून नाव घातलेलं होतं. तिथे वेळेत पोचायचं, एवढंच तिला हवं होतं. दाढ म्हणायचं तर दाढ.

साडेनऊला मायलेकी बाहेर पडल्या, तेव्हा धोंडूबाई त्यांच्याच पायरीवर बसलेल्या होत्या.

"कुठं निघाल्या?"

"दाढ काढायला."

"दाढ काढायला एवढं गाठोडं?"

"रक्त येतं. फडकी लागतात."

"एवढी?"

"हिची दाढ मोठी हाय," नर्मदाबाई म्हणाल्या.

धोंडूबाईंनी प्रेमलताच्या पोटाकडे पाहिलं आणि मग गालाकडे. "दिवस भरत आले पोरीचे, आनि आता दाढ काढताय?"

"अजून पंधरा दिवस हायेत. नंतर बाळाच्या गडबडीत राहून जाईल."

हे मात्र धोंडूबाईंना पटलं. इतकं पटलं की त्या पदर खोचून उठल्या. "चला, मी पन येते. मला तुळिंजला सुके बोंबील घ्यायचेत. टांग्यात चवथी जागा मोकळीच असते." नर्मदाबाईंनी काही कारण शोधेपर्यंत त्या टांग्यात चढून बसल्याही.

टांगा काशीरामचा. "कुठं घेऊ, काकी?"

"विरारला. दाढेच्या डॉक्टरकडे."

"विरारला कशाला? तुळिंजला माझा साडू हाय ना, श्रीपत. आख्ख्या पट्टीतल्या गावांचे दात त्याने काढलेत."

"नको," नर्मदाबाई घाईघाईने म्हणाल्या, "त्याचा हात जड हाय म्हनतात."

हे बोलायला नको होतं. काशीरामने घोडा थांबवला आणि पूर्ण वळून विचारलं, "कोन म्हनतं?" नर्मदाबाईंना नाव सांगता येईना. तिथून पुढे तो दाढेचा प्रश्न राहिला नाही, काशीरामच्या सासुरवाडीच्या अब्रूचा झाला. श्रीपतचा हात किती हलका आहे हे काकींना दाखवल्याशिवाय टांगा तुळिंजच्या पुढे जाणार नव्हता. खरं कारण सांगावं तर टांग्यात धोंडूबाई.

आचोळ्याची वेस ओलांडायच्या आत पुढची कळ आली. प्रेमलताने टांग्याची दांडी दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले आणि ओरडू नये म्हणून ओठ आत घेतले. धोंडूबाईंनी कनवटीची लवंग काढून तिच्या तोंडात कोंबली. "दाढेखाली धर. आत्ता थांबेल." आणि खरंच थांबली. धोंडूबाई खूश झाल्या. दहा मिनिटांनी परत आली तेव्हा त्यांनी दुसरी लवंग कोंबली.

"थांबते आनि परत येते?"

"हो, मावशी."

"अशी दाढ मी बघितली नाय कधी," धोंडूबाई म्हणाल्या, आणि तिसऱ्या कळेपर्यंतचं अंतर बोटांवर मोजू लागल्या.

श्रीपतचा दवाखाना म्हणजे घराची पडवी. तिथे न्हाव्याकडे असते तशी एक लाकडी खुर्ची, स्टोव्हवर उकळत्या पाण्याचं पातेलं, आणि भिंतीलगतच्या बाकावर गालाला फडकी बांधलेली सहा माणसं. पोटुशी बाई बघून सहाही जणांनी माणुसकीने नंबर सोडला. खरं तर त्यांनी नंबरासाठी थोडं भांडायला हवं होतं, असं प्रेमलताला वाटलं.

"कुठली?" श्रीपतने विचारलं.

प्रेमलताने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं. मग तिने अंदाजाने एका दाढेवर बोट ठेवलं. श्रीपतने टॉर्चचा उजेड पाडला, दाढेवर दोनदा टकटक केलं आणि मान हलवली. "किडलीय. पार मुळापर्यंत."

त्याच क्षणी कळ आली, आणि ही आधीच्या कळांसारखी नव्हती. प्रेमलता खुर्चीतून अर्धी उठली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने बाकावरचे दोघे जण आपला आजार घरी जाऊन बघावा असा विचार करू लागले.

"मी अजून हात लावला नाय," श्रीपत बाकाकडे बघून म्हणाला.

"दर दहा मिनिटांनी दुखते तिची," धोंडूबाईंनी माहिती पुरवली. "आता सहावर आलीय."

श्रीपत विचारात पडला. मिनिटं मोजून दुखणारी दाढ त्याच्याकडे आजवर आली नव्हती, पण ते सहा गिऱ्हाइकांसमोर कबूल करणं धंद्याला बरं नव्हतं. "असते तशी एक दाढ," तो गंभीरपणे म्हणाला. "ती लगेच काढावी लागते." आणि त्याने पातेल्यातून पक्कड उचलली.

पकडीतून पाणी निथळत होतं. प्रेमलताने आईचा पदर ओढला. आता तरी आई काही बोलेल अशी तिला खात्री होती. नर्मदाबाई वाकल्या आणि तिच्या कानाशी कुजबुजल्या, "जाऊ दे एक. मागची हाय, हसताना दिसत नाय."

तिथे प्रेमलताचा धीर सुटला. सकाळपासून तिने कळा गिळल्या होत्या, सहा लवंगा चावल्या होत्या, आता आईचं शास्त्र तिच्या तोंडात पक्कड घालायला निघालं होतं.

"माझी दाढ चांगली आहे," ती मोठ्याने म्हणाली. "सगळे दात चांगले आहेत. मला कळा येतायत. सकाळी सातपासून येतायत. मला आत्ताच्या आत्ता विरारला न्या, नाहीतर मी ह्याच खुर्चीत बाळंत होईन."

श्रीपतने पक्कड परत पातेल्यात सोडली. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. साडूची कारागिरी बघायला दारात उभा असलेला काशीराम घोड्याकडे पळाला. नर्मदाबाई मात्र बाकावर मटकन बसल्या आणि मोजू लागल्या. बाकावरचे सहा, श्रीपत, काशीराम, धोंडू.

"नऊ," त्या पुटपुटल्या. "नऊ तास."

टांगा निघाला तेव्हा धोंडूबाई बोंबील विसरल्या होत्या. प्रेमलताची कंबर चोळता चोळता त्या एवढंच म्हणाल्या, "मला सांगायला काय झालं होतं? मी काय कुनाला बोलले असते?" मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

बाजाराच्या वळणावर पेंढ्याच्या चार बैलगाड्या रस्ता अडवून उभ्या होत्या. काशीराम टांग्यात उभा राहिला आणि त्याने आवाज लावला. "वाट द्या, बाईला कळा येतायत, दवाखान्यात न्यायचीय." गाडीवान खाली उतरले. दोन कोळणींनी पाट्या खाली ठेवून बैलांची वेसण धरली. चहाच्या दुकानातली माणसं चाकांना खांदा लावायला आली. दोन मिनिटांत रस्ता मोकळा झाला, पण काशीरामला आता त्या आरोळीची चटक लागली होती. पुढे रस्ता रिकामा होता तिथेही, शेतात कुणी दिसलं की तो उभा राहून बातमी देऊ लागला.

"सतरा," नर्मदाबाई म्हणत होत्या. "तेवीस. त्या गाडीवर दोघं होती का तिघं?"

विरार दिसू लागलं तेव्हा आकडा एकसष्टावर गेला होता. "दोन दिवस आनि तेरा तास," त्या अगदी हळू म्हणाल्या. त्यांचा हात प्रेमलताच्या हातात होता. तो घामाने ओला झाला होता आणि बोटं अजून मोजत होती. प्रेमलताला सकाळपासून आईचा राग येत होता, तो त्या हातापाशी येऊन संपला. आई हट्टी नव्हती, आई घाबरलेली होती, तिच्यापेक्षा कितीतरी जास्त.

"आई, मला भीती नाही वाटत," ती म्हणाली. हे खोटं होतं, पण त्या दिवशी खोट्याला तोटा नव्हता.

प्रसूतिगृहाच्या दारात थेरेसा नर्स उभी होती. "काय होतंय?" तिने विचारलं.

"दाढ," नर्मदाबाई सवयीने म्हणून गेल्या.

थेरेसाने एकदा त्यांच्याकडे, एकदा प्रेमलताकडे पाहिलं आणि प्रेमलताला धरून आत नेलं.

आत प्रेमलता ओरडली. सकाळपासून जेवढं ओरडायचं राहिलं होतं तेवढं सगळं ओरडली. आईला, नवऱ्याला, श्रीपतला, सगळ्यांना एकेक हाक मारून झाली. थेरेसा म्हणत होती, "ओरड गो, ओरड, इथे कोन नाय म्हनतंय?" आणि त्या वाक्याने प्रेमलताला इतकं बरं वाटलं की तिला रडू आलं. आपलं अंग आपलं राहिलं नाही, आता आपण मरणार, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. नेमकं तेव्हाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं, मुलगी आहे." मुलगी लालबुंद होती, मुठी आवळलेली, आणि आईपेक्षा मोठ्या आवाजात ओरडत होती. प्रेमलताने तिला छातीशी घेतलं आणि दाढ, लवंग, टांगा, सगळं विसरली.

आत नेल्यापासून पंचवीस मिनिटं झाली होती.

"पहिलटकरीण आनि एवढं भराभर?" थेरेसा आवरता आवरता म्हणाली. "अर्धा तास उशीर झाला असता ना, तर टांग्यातच झालं असतं."

नर्मदाबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचे डोळे सारखे भरून येत होते आणि त्या ते पदराने पुसत होत्या. प्रेमलता थकली होती, पण ही संधी सोडण्याइतकी नाही.

"आई, एकसष्ट माणसं आणि पंचवीस मिनिटं. आता काय म्हणतं तुझं शास्त्र?"

नर्मदाबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "सिस्टर काय बोलल्या ते ऐकलं नाय? टांग्यातच होनार होतं. कुनालाच समजलं नसतं तर श्रीपतच्या खुर्चीत झालं असतं. ती मानसं होती म्हनून इथपर्यंत थोपलं."

"मग एकसष्ट तास कुठे गेले?"

"त्यातली बहुतेक परगावची होती. परगावच्यांचं धरत नाय."

प्रेमलताला हसू आलं, पण टाके घातलेले असल्यामुळे ते तिने आतच ठेवलं.

एवढ्यात बाहेर गडबड झाली. विरारचीच बेला नावाची एक बाई तिसऱ्या खेपेला आली होती, आणि तिला अजिबात दम नव्हता. डॉक्टरीणबाई नुकत्याच जेवायला घरी गेल्या होत्या. "अर्धा तास तरी थांब गो," थेरेसा तिला विनवत होती. "ते माझ्या हातात हाय काय?" बेला ओरडत होती.

नर्मदाबाईंनी नात प्रेमलताच्या कुशीत दिली आणि पदर खोचला. "अर्ध्या तासाचंच काम हाय," असं म्हणून त्या व्हरांड्यात गेल्या. खिडकीतून प्रेमलताला सगळं दिसत होतं. व्हरांड्यात काशीराम होता, धोंडूबाई होत्या, पण ती परगावची. बाकीची विरारची होती, पण ती धडधाकट माणसं, एकेक जण पुऱ्या तासाचा. बेलाला उगीच अर्धा तास जास्त सोसायला लावणं नर्मदाबाईंना बरोबर वाटेना. मग त्यांना फाटकाशी स्टुलावर बसलेला म्हातारा वॉचमन विठ्ठल दिसला. त्याला एकाच कानाने ऐकू येत असे. नर्मदाबाईंनी आधी दोन्ही बाजूंनी हाक मारून कुठला कान चालतो ते बघून घेतलं, आणि मग त्याच कानाशी वाकून बेलाची बातमी सांगितली.

डॉक्टरीणबाई पोचल्या, त्यांनी हात धुतले, आणि मगच बेलाचा मुलगा जन्माला आला. प्रेमलताने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. पस्तीस मिनिटं झाली होती.

"आई, पाच मिनिटं जास्त झाली," ती म्हणाली.

"त्याला दुसऱ्या कानाने थोडं ऐकायला येत असनार," नर्मदाबाई म्हणाल्या, आणि नातीची दुपटी घडी करू लागल्या.