भगवानरावांचा पाय माझ्या भिंतीवर

आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर रोज सकाळी एक पाय असतो. तो शेजारच्या भगवानरावांचा. दुसऱ्या पायावर ते स्वतः उभे असतात आणि त्या अवस्थेत मला विचारतात, "काय मास्तर, नळाला पाणी आलं का?" पडेगावात न येणारं पाणी आणि भिंतीवर येणारा पाय, दोन्हीची मला आता सवय झाली आहे.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "बीपी काठावर आहे. गोळी आत्ताच नको. मीठ कमी करा, चाला आणि अंग ताणा. स्नायू ताणले की रक्तवाहिन्याही जरा सैल पडतात." भगवानरावांनी ताणणं तेवढं मनावर घेतलं. चालणं परस्पर गाळलं. आळस, दुसरं काय!

"आपल्याला पडून चालणार नाय," हे त्यांचं पालुपद. जिवाची भीती असावी माणसाला, पण इतकी? दूधवाला दूध मोजेपर्यंत हे त्याच्या मोटारसायकलला पाऊल टेकवून पोटरी ताणतात. समोरच्या शकीलभाईंनी नान-खलिया, म्हणजे रोटी आणि मटणाचा रस्सा, पाठवला तेव्हा "मीठ लई असंल" म्हणत सगळा संपवला आणि संध्याकाळपर्यंत अंगणात वाकून वाकून तो फेडला.

गल्लीतल्या लग्नात तर कहर झाला. मांडव भगवानरावांच्याच अंगणात होता. तिथं ते गुडघे ताठ ठेवून खाली वाकले, ते नेमके नवरदेवापुढं. पोरगं दचकून मागं सरकलं. "काका, पाप लागंल मला."

"गप उभा ऱ्हा. मांडीमागची शीर ताणतोय."

तोवर मुलीकडच्या दोन वयस्कर पाहुण्यांनी, इकडची रीतच असेल म्हणून, नवरदेवाच्या पाया पडून घेतलं होतं.

परवा मात्र भिंतीवर पाय दिसला नाही. चुकल्यासारखं वाटलं, म्हणून त्यांच्याकडं गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, डावं अंग लकव्यानं गेलंय हे गल्लीला ठाऊक आहे, पण आम्ही सगळे दारातूनच चौकशी करून परततो. त्या दिवशी आत गेलो. काकू पलंगावर होत्या. भगवानराव खाली बसून त्यांचं पाऊल दोन्ही हातांत धरून हळूहळू ताणत होते. स्वतःच्या दंडाला बीपीच्या मशीनचा पट्टा तसाच होता.

"दुखतंय का गं?"

"नाय."

मला पाहून ते कसंनुसं हसले. "आज आकडा जरा वर गेला, मास्तर. घाबरलो. म्हटलं, आधी हिचं करून घ्यावं. पोरगा पुण्याला. मी पडलो तर हिला कुशीवर कोण वळवंल?"



काकूंनी उजव्या हातानं त्यांच्या दंडावरचा पट्टा सोडवला. "मास्तर, घडीभर बसता व्हय माझ्यापाशी?" त्या म्हणाल्या. "मला एकटं सोडून हे फाटकाबाहेर पाऊल टाकीत नायत. जरा चालून येऊ द्या त्यांना."

मी खुर्ची ओढली. भगवानरावांनी चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच ओरडले, "मास्तर, तहान लागली तर तिला चमच्यानं पाजा बरं का."