मुंग्यांचा दाखला

शनिवारी सकाळी साबळे सर वारले. सोमवारी प्रयोगशाळा मी, त्यांच्या हाताखालच्या शिक्षिकेनं, उघडली.

सर आमच्या कोपरगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि मुंग्यांचं मत घ्यायचे.

प्रकार असा. बिनझिलईच्या सच्छिद्र मडक्यात एक द्रावण भरायचं आणि मडकं मोरचुदाच्या पाण्यात उभं करायचं. दोन्ही द्रावणं मडक्याच्या भिंतीत भेटतात आणि तिथं चॉकलेटी पडदा धरतो. तो पाणी जाऊ देतो, साखर अडवतो. मग आत पाक भरून मडकं साध्या पाण्याच्या परातीत ठेवायचं. परातीच्या काठावर मुंग्या आल्या, की पडद्याला भेग.

"साखर अडली, की पुढं मीठही अडेल. मग आमच्या गावची खारी विहीर गोड!" असं सर सात वर्षं सांगत होते.

भिंतीतली हवा निघावी म्हणून ते आधी मडकं पाण्यात बुडवायचे. बुडबुडे आले, की म्हणायचे, "सोड बाबा श्वास, सगळा सोड. घाई नाही." मुंग्या आल्या, की वर्गाला दटावायचे, "हसता काय? परीक्षक आलेत, उभे राहा!" वर्ग खरंच उभा राहायचा.

एकदा मुंग्या आल्याच नाहीत. सरांनी प्राचार्यांना हाताला धरून आणलं, पेढे वाटले, खिडकीत चिमूटभर साखर ठेवली. "पडदा धरला. आता यांचा उपास पडायला नको."

पेढा चघळत आमचे शिपाई योहानमामा म्हणाले, "म्या सकाळीच टेबलाभोवती मुंग्यांचा खडू वढला हुता. लई झाल्या हुत्या."

प्राचार्यांचा पेढा अर्ध्यावर थांबला.

"मामा, तुम्ही परीक्षकच मारले की हो!" सर इतके हसले, की चष्मा परातीत पडला.

घरी त्यांची वाट पाहणारं कुणी नव्हतं. रविवारीही ते 'हजेरी घ्यायला' मुंग्यांपाशी येऊन बसायचे. साखर मात्र त्या एका दिवसाशिवाय त्यांनी कधी ठेवली नाही.

सोमवारी परातीत त्यांनी शुक्रवारी ठेवलेलं मडकं होतं. काठावर एकही मुंगी नव्हती. मी योहानमामांकडे पाहिलं.

"न्हाई मॅडम, येशूची आण. त्या दिसापासून खडूला हात लावला न्हाई."

मुंग्यांची रांग खिडकीत होती. तिथं साखरेचे थोडे कण उरले होते.

म्हणजे पडदा धरल्याचं सरांनी जाण्याआधी पाहिलं होतं.

त्यांच्या गावची विहीर अजून खारी आहे. मडकं माझ्या कपाटात आहे. खिडकीत साखर मी ठेवते.