ज्याच्या त्याच्या फोनात पहिला

प्राजक्ताचं लग्न ठरलं, पेढे वाटून झाले, आणि तिच्या वडिलांची, नत्थुजींची, झोप उडाली. मुलगा चांगला होता, कार्यालय मिळालं होतं, आचारीही ठरला होता. अडलं होतं ते पत्रिकेपाशी. पत्रिकेतही वरचा भाग बिनबोभाट होता. भीती होती ती शेवटी ‘स्वागतोत्सुक’ असं लिहून खाली सगळ्या सोयऱ्यांची नावं येतात त्या भागाची. त्यांच्या वलगावात पत्रिका हातात पडली की माणूस गणपती, मुहूर्त आणि नवरीच्या नावावरून नजर फिरवतो ती रीत म्हणून. खरं वाचन स्वागतोत्सुकांपासून सुरू होतं. आपल्या वर कोण आहे हे कळेपर्यंत कोणी चष्मा काढत नाही.

त्यातून नत्थुजींच्या घराला जावई दोन. परतवाड्याचे उत्तमराव हे नात्यानं थोरले, कारण नत्थुजींची मोठी बहीण भागीरथा त्यांना दिलेली. अकोल्याचे देवमनजी नात्यानं धाकटे, कारण धाकटी जयवंता त्यांच्या घरी. पण वयानं देवमनजीच मोठे. आता आधी नाव कोणाचं घालायचं, नात्याचं की वयाचं? नत्थुजींनी दोन्ही करून पाहिलं होतं. थोरल्या मुलाच्या, श्यामच्या, लग्नात वय धरलं, तर उत्तमराव आलेच नाहीत. घराच्या वास्तुशांतीला नातं धरलं, तर देवमनजी आले, पण जीपमधून खाली उतरले नाहीत. त्यांचं ताट जीपमध्ये न्यावं लागलं.

उत्तमराव रुसले की आरडाओरडा करत नसत. ते फोनवर फार गोड बोलत आणि शेवटी सांगत, “येणं काही जमत नाही. भागीरथाचे गुडघे लय दुखून राहिले.” भागीरथा आत्याचे गुडघे नेहमी उत्तमरावांच्या मर्जीप्रमाणेच दुखत. श्यामच्या लग्नातही ते असेच दुखले होते. त्या दिवशी मांडवात वाजंत्री वाजत होती, आणि नत्थुजी दर थोड्या वेळानं फाटकापाशी जाऊन परतवाड्याकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत होते. आई लवकर गेली, तेव्हापासून भागीरथानंच त्यांना वाढवलं होतं. तिच्याशिवाय मांडव म्हणजे त्यांना पोरकेपण वाटे. प्राजक्ताच्या लग्नात बाई, म्हणजे ही थोरली बहीण, मांडवात हवी, एवढी एकच गोष्ट त्यांना या लग्नातून स्वतःसाठी हवी होती.

हे सगळं धाकट्या मुलाला, अंकुरला, ठाऊक होतं. तो अमरावतीच्या एका लहानशा कंपनीत मोबाइलची अॅपं बनवायचा. काम नेमकं काय करतो हे घरात कोणालाच समजलेलं नव्हतं, आणि फोन अडकला की सगळे त्याच्याकडेच येत.

“बाबा, कागदाची पत्रिका छापूच नका,” तो एके दिवशी जेवताना म्हणाला. “मी पत्रिकेचं अॅप बनवतो.”

“अॅपात का नावं नसतात?”

“असतात. पण कागदावर सगळे एकच पान पाह्यतात. अॅपात ज्याले जे दाखवाचं, थेच दाखवता येते.”

मग त्यानं नीट समजावलं. प्रत्येक पाहुण्याला त्याची वेगळी लिंक जाणार. ती दाबली की अॅप उघडणार आणि आपलं आपणच घसरत निघणार, गणपती मागे टाकणार, मुहूर्त मागे टाकणार आणि बरोबर त्या माणसाच्या नावावर येऊन थांबणार. नाव पडद्याच्या अगदी वरच्या कडेला. त्याच्या वर काही दिसणारच नाही.

नत्थुजींचा घास हातातच राहिला. “म्हंजे उत्तमरावच्या फोनात उत्तमराव वर?”

“हो.”

“अन् देवमनजीच्या फोनात?”

“देवमनजी.”

नत्थुजींनी थोडा विचार केला. “अन् त्यायनं बोटानं सरकवून वरचं पाह्यलं त?”

“बाबा, आपलं नाव सगळ्यात वर दिसल्यावर माणूस अजून वर कायले जाईन? थो खालीच पाह्यते, आपल्या खाली कोण कोण हाय थे.”

मुलगा इंजिनिअर झाल्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नत्थुजींनी त्याच्याकडे आदरानं पाहिलं. आई रुख्मिणीनं त्याला न मागता तुपाची धार वाढली.

अंकुरनं अॅप बनवलं. घरातल्या सगळ्या फोनांवर चालवून बघितलं आणि एका सकाळी सगळ्या लिंका पाठवून दिल्या. दुपारी परतवाड्याहून फोन आला. पत्रिका फारच सुरेख झाली आहे, असं उत्तमरावांचं म्हणणं पडलं. माणसाची किंमत कळणारं घर आहे, असंही ते म्हणाले. संध्याकाळी अकोल्याहून देवमनजींनी जवळजवळ त्याच शब्दांत तेच सांगितलं. दोन्ही जावई एकाच दिवशी खूश, असं या घरात कधी घडलं नव्हतं. नत्थुजी अंगणात खाट टाकून पडले आणि त्यांना लगेच डोळा लागला.

रात्री मेथी निवडता निवडता रुख्मिणीनं विचारलं, “काकाजीचं नाव टाकलं न?”

काकाजी म्हणजे नत्थुजींचे चुलते डोमाजी. भावकीतले सगळ्यात वडील, पलीकडच्या गल्लीत राहणारे. त्यांचं नाव राहून गेलं होतं. अंकुरनं नावं फोनमधल्या नंबरांवरून उतरवली होती, आणि काकाजींकडे फोनच नव्हता. नत्थुजी खाटेवर उठून बसले. काकाजींना विसरलो हे गावात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आत्ताच्या आत्ता नाव टाक, आणि टाकायचं तर सगळ्यात वर टाक, असं त्यांनी बजावलं. काकाजींच्या वर जायची हिंमत कोणी करणार नाही, त्यामुळे रुसव्याचीही भीती नव्हती. अंकुरनं लॅपटॉप उघडला, पहिल्या ओळीत डोमाजींचं नाव घातलं, अॅपमध्ये बदल चढवला आणि जांभई देत झोपायला गेला.

इथेच घोटाळा झाला. अंकुरनं लिंका करताना घाई केली होती. अॅप माणसांना ओळखत नव्हतं, ते फक्त जागा ओळखत होतं. पहिल्या जागेची लिंक असेल तर पहिल्या ओळीवर जाऊन थांबायचं, पाचव्या जागेची असेल तर पाचव्या ओळीवर. त्या ओळीवर कोण बसलं आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. आता काकाजी डोक्यावर येऊन बसले आणि सगळी भावकी एकेक पायरी खाली सरकली. लिंका मात्र जुन्याच जागांवर जाऊन थांबत होत्या. म्हणजे जो कोणी पत्रिका उघडेल त्याला वरच्या कडेला दिसणार होता त्याच्या वरचा माणूस. तो स्वतः त्याच्याखाली, दुसरा.

एरवी एकदा बघितलेली पत्रिका दुसऱ्यांदा कोण उघडतो? पण या पत्रिकेत ज्याचं नाव पहिलं होतं तो प्रत्येक जण ती दुसऱ्या दिवशी चारचौघांना दाखवायला घेऊन निघाला होता.

देवमनजींनी ती अकोल्यात शेजाऱ्यांसमोर उघडली आणि वर डोमाजी निघाले. काकाजींबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते फोनवर म्हणाले, पण काल मी पहिला होतो आणि रातोरात दुसरा झालो, तर परतवाड्याहून कोणी तक्रार केली ते मला कळायला हवं. उत्तमरावांनी ती परतवाड्यात बस स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर उघडली. “पाहा, आमच्या सासरवाडीचं,” म्हणून फोन लोकांपुढे धरला, आणि लोकांनी मोठ्यानं वाचलं, “देवमनजी.” रुख्मिणीच्या भावाला उत्तमराव दिसले, त्याच्या साडूला तो दिसला. असं करत करत सकाळी चहा होईपर्यंत अर्ध्या भावकीचे फोन येऊन गेले. गंमत म्हणजे सगळ्यांची तक्रार एकच होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की अपमान फक्त आपलाच झाला.

उत्तमरावांचा फोन सगळ्यात गोड होता.

“पत्रिका लय छान हाय,” ते म्हणाले. “आमचे आशीर्वाद हायेतच. येणं काही जमत नाही. भागीरथाचे गुडघे लय दुखून राहिले.”

नत्थुजींनी फोन ठेवला आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. अंकुरला ते बघवेना. लॅपटॉप घेऊन तो कोपऱ्यात बसला, तेव्हा त्याला आपली चूक समजली आणि स्वतःचीच लाज वाटली. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात ती गोष्ट होती. त्यानं प्रत्येक लिंकमधून जागा काढून टाकली आणि माणसाचं नाव घातलं. आता कोणी वर येऊन बसो की मधूनच गळो, अॅप त्या नावाचा माणूस शोधून काढणार आणि त्याच्यापाशीच थांबणार होतं. दुपारपर्यंत बदल सगळ्यांच्या फोनात पोहोचला.

उत्तमरावांनी कुतूहल म्हणून पुन्हा पत्रिका उघडली. वर उत्तमराव. आपल्या एका फोनमुळे सासरवाडी ताळ्यावर आली, असं त्यांनी धरलं आणि लगेच कळवलं, “सुधारलं त बरं केलं. भागीरथाचे गुडघे आता बरे हायेत.” देवमनजींनीही अकोल्यात नेमकं हेच धरलं. रुख्मिणीच्या भावानं, त्याच्या साडूनं, सगळ्यांनीच धरलं. रुसल्याशिवाय या घरात दाद लागत नाही, ही समजूत भावकीत त्या दिवशी पक्की झाली.

मांडवाच्या दिवशी भागीरथा आत्या उत्तमरावांबरोबर सकाळीच भाड्याच्या जीपनं आली. खणखणीत पावलांनी फाटकातून आत शिरली, नत्थुजींच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, “वाळला रे तू.” नाक शिंकरायच्या निमित्तानं नत्थुजी विहिरीकडे गेले.

या घरात मांडवाची पहिली मेढ थोरल्या जावयानं रोवायची. उत्तमराव पंचा खोचून पुढे झाले, तसे देवमनजीही झाले.

“मेढ मी रोवतो,” देवमनजी म्हणाले. “पत्रिकेत पहिलं नाव माहं हाय.”

“तुमचं?” उत्तमरावांनी खिशातून फोन काढला. “हे पाहा. कोणाचं हाय?”

देवमनजींनीही फोन काढला. दोघांचे फोन शेजारी शेजारी धरले गेले. एकात उत्तमराव वर, दुसऱ्यात देवमनजी वर. उत्तमरावांच्या मते देवमनजींचा फोन जुना होता. देवमनजींच्या मते उत्तमरावांचा चष्मा जुना होता. मग दोघांनी मिळून अंकुरकडे पाहिलं. अंकुरनं दोन्ही बरोबर आहेत असं सांगायचा प्रयत्न केला, पण ते कोणी ऐकून घेतलं नाही.

“थांबा, माह्या फोनात पाहू,” आत्या म्हणाली. प्राजक्तानं हौसेनं तिलाही तिच्या नावाची लिंक पाठवली होती. “पण माहं असं सरसर खाली जातच नाही. वरच थांबते. खराब हाय वाटते.”

आत्याचं अॅप उघडलं. गणपती आला आणि तिथेच राहिला. आत्यानं अंगठ्यानं सावकाश एकेक ओळ वर सरकवली आणि दोन्ही जावई तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागले. स्वागतोत्सुक. डोमाजी. देवमनजी. उत्तमराव.

“म्हंजे मी खाली?” उत्तमराव म्हणाले.

“तुमी खाली तरी हा,” आत्या म्हणाली. “मी कुठी हाव?”

ती सरकवत सरकवत शेवटपर्यंत गेली. भाऊबंद गेले, मामा गेले, साडू गेले, आणि पत्रिका संपली. मग तिनं अंकुरला विचारलं, याचं असं काहून होते. अंकुरला खोटं सुचलं नाही. अॅप तुझं नाव शोधतं, तो म्हणाला, आणि ते कुठे सापडत नाही, म्हणून जिथल्या तिथे थांबून राहतं.

आत्यानं फोन कनवटीला लावला आणि पिशवी उचलली.

“बाई, कुठी चालली?” नत्थुजी विहिरीकडून धावत आले.

“परतवाड्याले. माहे गुडघे दुखून राहिले.”

ती खरंच जाऊन फाटकाबाहेर उभ्या असलेल्या जीपमध्ये बसली. उत्तमरावांनी आयुष्यभर रुसायचंच काम केलं होतं, समजूत काढायची त्यांना सवय नव्हती. ते जीपच्या दारापाशी उभे राहिले आणि गुडघ्याला लावायचं तेल कोणतं चांगलं याबद्दल सांगू लागले. देवमनजींनी त्यांना बाजूला घेऊन दटावलं, पण त्यांचंही काही चाललं नाही. शेवटी दोघांनी मिळून एकच पहार धरली, एकच खड्डा खणला आणि मेढ रोवून जीपकडे बघत घाम पुसत उभे राहिले. मागेपुढे कोण होतं ते कोणी विचारलं नाही.

तेवढ्यात अंकुर लॅपटॉप घेऊन जीपमध्ये चढला होता. त्यानं काकाजींच्याही वर, पहिल्या ओळीत, भागीरथा आत्याचं नाव घातलं आणि तिचा फोन तिच्या हातात दिला. अॅप उघडलं, सरसर घसरलं आणि तिच्या नावावर येऊन थांबलं. आत्यानं पडदा जवळ नेला, लांब नेला.

“हे खरंच वर हाय,” तिनं हळूच विचारलं, “का मलेच दिसून राहिलं?”

“खरंच वर हाय, आत्या. सगळ्याईच्या वर.”

आत्यानं मांडवाकडे पाहिलं. धाकटी जयवंता हळदीचं ताट घेऊन बाहेर येत होती. नत्थुजी फाटकाला धरून उभे होते, श्यामच्या लग्नात उभे राहिले होते तसेच.

“मंग काढ बाबा थे तिथून,” आत्या म्हणाली. “जयवंतानं पाह्यलं त थे रुसन. माह्या फोनात मी वर दिसली म्हंजे झालं. अन् जयवंताच्या फोनात जयवंताले ठेव.”

मग ती जीपमधून उतरली आणि भावाचा हात धरून मांडवात गेली.