शांतीभाऊंचा दिवस सव्वाचारला बुडतो

शांतीभाऊ समोरून येताना दिसले की मंगरूळपीरच्या बाजारातली जाणती माणसं आधी मोबाईल खिशात घालतात. चोरीची भीती नाही. शांतीभाऊ मोबाईल नेत नाहीत, उलट भरून परत देतात. "आण इकडं," म्हणत तुमच्या हातातून तो कधी काढून घेतला ते कळत नाही, आणि "फुकट आहे, टाकून देतो," म्हणेपर्यंत त्यात काहीतरी पडलेलंही असतं. मग पुढचे आठ दिवस तुमचा मोबाईल तुम्हाला पाणी प्यायची आठवण करतो, नाहीतर बसल्या जागी उत्तर दिशा दाखवतो, नाहीतर मंगळावर आज थंडी किती ते सांगतो.

बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. त्याला लागून माझं घड्याळदुरुस्तीचं. पूर्ण नाव शांतिलाल. नाव ठेवताना आईवडिलांनी घाई केली असावी, कारण हा माणूस एका जागी बसलेला मी वीस वर्षांत पाहिला नाही. पाच मिनिटं गल्ल्यावर, की उठले, चपला घातल्या, माझ्या दुकानात आले. तिथून शेजारच्या सलूनमध्ये, तिथून रसवंतीवर, आणि गिऱ्हाईक दिसलं की पळत परत. घरी एकटेच. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती पोरगी स्वाती दोन वर्षांपूर्वी आसामात दिली. लग्नात आम्ही सगळे पोटभर जेवलो आणि नंतर शेजारी विसरतात तसे विसरून गेलो. हे मोबाईलचं खूळ त्या लग्नानंतरचं, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

खुळालासुद्धा बूड नव्हतं. एक ॲप चार दिवस टिकलं तर पुष्कळ. मध्ये त्यांना जगभरचे रेडिओ ऐकवणारी वेबसाईट सापडली. पडद्यावर पृथ्वीचा गोळा, बोटानं फिरवायचा आणि थांबेल तिथला रेडिओ लागायचा. आठवडाभर आमच्या रस्त्यावर मंगोलियातली गाणी चालली. कोणीतरी घशातून घागर घुमवल्यासारखा गात असायचा आणि त्यातच बायका कुकरच्या शिट्ट्या तपासत असायच्या. एकीनं विचारलंसुद्धा, "शेठ, कोणाची तब्येत बिघडली का?"

मग आकाशातली विमानं दाखवणारी वेबसाईट आली. शांतीभाऊ बसस्टँडवर जाऊन मान वर करून उभे राहायचे. "ते पाय, दिसून राह्यलं का? मुंबईहून निंगालं, कलकत्त्याले चाललं. पस्तीस हजार फूट!" बाकावरची एक म्हातारी मानोऱ्यावरून पोहरादेवीला जायला दीड तास ताटकळत बसली होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते जाऊ दे बापू. आमची मानोऱ्याची गाडी कवा येते ते पाय त्याच्यात." शांतीभाऊंनी प्रामाणिकपणे पाहिलं आणि म्हणाले, "ते याच्यात नाही."

इंझोरीचा एक शेतकरी बादली घ्यायला आला, तर त्याच्या मोबाईलमध्ये पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगणारं ॲप टाकून दिलं. चार दिवसांनी तो तक्रार घेऊन हजर. ॲपनं त्याच्या ओसरीत सुतारपक्षी आहे असं सांगितलं होतं. घरच्यांनी आढी-वासे शोधले, शेवटी निघाली सासऱ्याच्या खाटेची करकर. सलूनवाल्याला फुगे फोडायचा खेळ दिला, तेव्हा एक सज्जन अर्ध्या गालाला साबण लावून पंधरा मिनिटं आरशात स्वतःकडे पाहत बसले. माझ्या दुकानाचा काउंटर त्यांनी मोबाईलनं मोजला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "गजाभाऊ, तुहा काउंटर दोन अंशानं उतरता आहे." मी भडकलो. पण माझे बारीक स्क्रू वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात का सापडतात याचा उलगडा मला त्या दिवशी झाला, हेही खरं.

एक ॲप मात्र त्यांनी कधी बदललं नाही. ते सूर्यास्ताचं. आमच्याकडच्या बऱ्याच जैन घरांत चौविहार पाळतात. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही, ते दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावरच. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास मंदिरासारखी घंटा वाजवणारं ते ॲप शांतीभाऊंनी गल्लीतल्या घराघरांत टाकून दिलं होतं. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांनी त्यांना तोंडभरून आशीर्वाद दिले. त्यांच्या उभ्या खटाटोपातली ही एकच कामाची गोष्ट, असं माझं मत.

आणि त्यातच त्यांची चूक! गल्लीतली माणसं हिवाळ्यात पाच-सव्वापाचला ताटावर बसत. हे महाशय पावणेचारलाच डबा घेऊन दुकानामागच्या खोलीत शिरत आणि पडदा ओढून घेत. बाहेर बसस्टँडच्या पत्र्यावर ऊन लखलखत असायचं.

"शांतीभाऊ, इतक्या लवकर काहून?"

"दिवस बुडून राह्यला न."

"अजून दोन तास आहेत!"

"तुह्या घडीत असन," म्हणत ते पडदा ओढायचे. सव्वाचारला तोंड पुसत बाहेर येत, आणि मग खरी त्यांची वणवण सुरू होई. तिथून दिवेलागणीपर्यंत ते अख्ख्या बाजाराला नवनवीन ॲपं वाटत फिरत.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. चुकलेली वेळ मला पाहवत नाही. कोणाच्या घरी चहाला गेलो आणि भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढं दिसलं, तर मी कप खाली ठेवतो, स्टुलावर चढतो आणि ते नीट करून मगच चहा पितो. बायको म्हणते, "तुमाले कोणी सांगतलं होतं?" कोणी सांगितलेलं नसतं.

गेल्या डिसेंबरात शांतीभाऊंनी मोबाईल नवी काच बसवायला माझ्याकडं दिला. काच बसवता बसवता पडद्यावर ते सूर्यास्ताचं ॲप दिसलं. सूर्यास्त चार वाजून अठरा मिनिटं! मला हसूच फुटलं. सगळ्या गावाचे मोबाईल सुधारणाऱ्या माणसाचा स्वतःचा सूर्य सव्वा तासाच्या वर पुढं होता. वर इंग्रजीत कुठल्यातरी गावाचं नाव होतं, त्याकडं मी पाहिलंही नाही. आमची नजर आकड्यांवर जाते. खाली ‘सध्याचं ठिकाण वापरा’ असं लिहिलेलं होतं. मी दाबलं. आकडा झाला पाच बेचाळीस. लोकांच्या मोबाईलमध्ये न विचारता बोटं घालणाऱ्याच्या मोबाईलमध्ये न विचारता बोट घातलं, याचा मला भारी आनंद झाला. फुकट आहे, टाकून दिलं!

दुसऱ्या दिवशी लग्नसराईची गर्दी होती. मानोऱ्याकडून एक वऱ्हाडच्या वऱ्हाड रुखवताची भांडी घ्यायला आलं होतं. शांतीभाऊ अडीच वाजता माझ्याकडं पळत आले. त्या आठवड्यात त्यांचं झाडाचं ॲप चालू होतं. मोबाईलला हात लावला नाही तर त्यात झाड वाढतं, लावला तर वाळतं. शांतीभाऊंची सगळी झाडं दोन पानांवर वाळली होती, म्हणून ते मोबाईल माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे.

"तीन घंट्याचा वड लावला गजाभाऊ. फोन आला तं वाजनार नाही, दिवस बुडाची घंटी तेवढी वाजन. ते वाजली का वड वाळला तं वाळू दे, पण मोबाईल मले आणून दे."

घंटा पाच वाजून बारा मिनिटांनी वाजली. मी मोबाईल घेऊन ऐटीत त्यांच्या दुकानात गेलो. वऱ्हाड नुकतंच बाहेर पडत होतं. शांतीभाऊंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग मोबाईलकडं. अकरा फोन येऊन गेले होते, सगळे स्वातीचे. त्यांचा चेहरा उतरला. तिथंच ताटांच्या चळतीवर टेकून त्यांनी स्पीकरवर फोन लावला.

"पप्पा! बरे आहा न तुमी? किती फोन लावले मी! माहा तं जीवच गेला होता."

"मी बरा आहे बाई. गिऱ्हाईक होतं. तू जेवली का?"

"नाही. तुमी आलेच नाही."

"पाणी तरी पेली का?"

"दिवस बुडाला न पप्पा. आता सकायीच."

मी दारात उभा होतो. फोन ठेवल्यावर मी सांगून टाकलं. काल मीच बदललं, म्हटलं, चुकलं आहे असं वाटलं.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुही घडी बराबर आहे गजाभाऊ. सूर्य येगळा आहे. तिच्याकडं आसामात सव्वाचारले बुडते."

मग त्यांनी एका जागी बसून सगळं सांगितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. सासर चांगलं आहे, माणसं लाख आहेत, पण त्या घरात चौविहार कोणी पाळत नाही. सगळे रात्री आठला जेवतात. ही एकटीच चार वाजता ताट घेऊन बसते. "लग्नानंतर पयल्या महिन्यात म्हने, पप्पा, एकटीले घास उतरत नाही. सोडून देऊ का चौविहार? मी म्हटलं, सोडू नको. एकटी काहून जेवतं? मी येतो न." तेव्हापासून रोज ते पडद्यामागं पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून ठेवत होते, आणि तिकडं ती. दोघं तिच्या सूर्याच्या आत जेवत होते.

"तुमचा दिवस तर अजून आहे," मी म्हटलं. "अर्धा तास आहे. दोन घास खाऊन घ्या."

त्यांनी डब्याकडं पाहिलं आणि तो तसाच पिशवीत घातला. "पोरगी उपाशी झोपन, अन मी खाऊ? माहाबी बुडाला समज."

मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तिच्यासंगं जेवतो तवा बरं वाटते. पन तिचा दिवस बुडते, माहा उरते न गजाभाऊ. दीड घंटा उरते. घरी जाऊन काय करू? तो काढाव कसा मानसानं?"

तो दीड तास मी दोन वर्षं रोज पाहत होतो. माझ्या दुकानात, सलूनमध्ये, बसस्टँडवर. मी त्याला चक्रमपणा म्हणत होतो, चारचौघांत नकला करून दाखवत होतो. मला माझी लाज वाटली.

त्या दिवशी घरी माझ्याही घशाखाली काही उतरलं नाही. सकाळी दुकान उघडल्याबरोबर मी माळ्यावरून एक जुनं गजराचं घड्याळ काढलं. दोन घंट्यांचं, किल्लीचं. साफ केलं, तेल दिलं आणि गजराचा काटा पावणेचारला थोडा कमी लावला. मग शांतीभाऊंच्या गल्ल्यावर नेऊन ठेवलं. म्हटलं, याच्यात कोणी बोट घालणार नाही. रोज सकाळी मी येऊन काटा हलवत जाईन, तिकडच्या सूर्याप्रमाणे.

शांतीभाऊंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "हे कुठून उतरवलं बावा?"

"फुकट आहे," मी म्हटलं, "टाकून देतो."

ते हसले. मग डोळे पुसायला मागं वळून उगाच एक परात पुसत बसले.

दुपारी गजर असा कडाडला की रसवंतीवरची माणसं उठून उभी राहिली. शांतीभाऊ डबा घेऊन पडद्यामागं गेले आणि मी माझ्या दुकानाचं शटर ओढून त्यांच्या गल्ल्यावर बसलो. आता रोज बसतो. ते बाहेर आले की मी लगेच उठत नाही. उरलेल्या दीड तासात ते मला नवं काय सापडलं ते दाखवतात आणि मी माझा मोबाईल आपण होऊन पुढं करतो.

त्या पहिल्या दिवशी एक बाई पातेलं घ्यायला आली. तिनं पडद्याकडं पाहून विचारलं, "शेठ नाहीत का?" आतून तेवढ्यात पोरीचा आवाज आला, "पप्पा, पाणी पिऊन घ्या, बुडून राह्यला." बाहेर पत्र्यावर लख्ख ऊन होतं. बाईनं उन्हाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"दिवस बुडून राह्यला बाई," मी म्हटलं. "पाच मिनिटं बसा."